हवामान बदल हे पैसे काढायचं थोतांड आहे का? वेधशाळेत ३१ वर्षं काढलेल्याचं उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की सोलापूरकडे तुमची डाळिंबाची बाग आहे, वेधशाळेचा अंदाज दर साली चुकतो, गेल्या वेळी बागेत धो धो पाऊस झाला पण महसूल मंडळातल्या पाऊस मोजायच्या यंत्राने कमी दाखवला म्हणून विमा मिळाला नाही, पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं, विजेच्या बिलात पर्यावरणाच्या नावाने काही ना काही घुसवतात, आणि वरून टीव्हीवर २१०० साली काय होणार ते सांगतात. ज्यांना उद्याचं कळत नाही त्यांना पुढच्या पंचाहत्तर वर्षांचं कसं कळतं, आणि सरकार आणि शास्त्रज्ञ मिळून हे सगळं पैसे काढायला करत नाहीत कशावरून.

मी ३१ वर्षं हवामान निरीक्षक होतो, मराठवाडा आणि विदर्भ मिळून चार ठिकाणी, आता रिटायर आहे, त्यामुळे कुणाची बाजू सांभाळायची मला गरज नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. पैशाच्या बाबतीत तुमच्या बहुतेक तक्रारी खऱ्या आहेत, आणि तरी पृथ्वी तापतीये हेही खरं आहे. आपल्याकडे घोळ होतो तो दोन्ही हिशोब एकाच वहीत मांडल्यामुळे. सरकारचा हेतू तपासायचा तर पैसा कुठून आला आणि कुठे गेला ते बघायचं, तापमान तपासायचं तर रीडिंग बघायचं.

आधी पैशाचं घेतो. २०१० च्या जुलैत केंद्राने कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला, नाव दिलं स्वच्छ ऊर्जा उपकर, मग २०१४ ला तो १०० झाला, २०१५ ला २००, २०१६ ला ४०० रुपये टन. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज करायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे ४०० च्या दराने युनिटमागे पाव रुपयाच्या वर हा उपकर बसत होता, आणि तो शेवटी ग्राहकाच्याच बिलातून निघतो. आता बघा काय झालं. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात या नावाने ८६,४४० कोटी रुपये गोळा झाले, त्यातले स्वच्छ ऊर्जेच्या निधीत वळते केले २९,६४५ कोटी, आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना गेले १५,९११ कोटी. हे आकडे सरकारचेच आहेत. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा टनामागचे ४०० रुपये तसेच ठेवले पण ते राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळवले. म्हणजे पर्यावरणाच्या नावाने घेतलेल्या पाच रुपयांतला एक रुपयाही धड त्या कामाला लागला नाही. यावर जो चिडत नाही त्याला हिशोब कळलेला नाही असंच मी म्हणेन.

इथेनॉलचंही तसंच. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिसळलं की टाकीतली ऊर्जा ६-७ टक्क्यांनी कमी होणारच, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या चारचाकीला ६ ते ७ टक्के आणि दुचाकीला ३ ते ४ टक्के घट होईल असं लिहिलेलंच होतं. पंपावर मात्र कुणी हे सांगितलं नाही आणि दरही त्या मानाने उतरला नाही. हे धोरण मुळात आयातीचं डॉलर बिल आणि साखर कारखानदारी यांचं आहे. २०२३ च्या डिसेंबरला साखर कमी पडेल असं दिसल्यावर केंद्राने एका आदेशात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, आपल्याकडच्या कितीतरी कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभ्या केल्या होत्या ते अडकून बसले. तेव्हा कार्बनचा कुणी विचारही केला नाही. आपल्या भागात जिथे प्यायला टँकर लागतो तिथे उसाला पाणी देऊन त्याला हिरवं इंधन म्हणायचं हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही.

इथपर्यंत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण यावरून थर्मामीटर खोटा ठरत नाही.

रीडिंग कसं घेतात ते सांगतो कारण बहुतेकांनी ते पाहिलेलंच नसतं. मोकळ्या मैदानात चार खांबांवर एक पांढरी लाकडी पेटी असते, चारी बाजूंना झडपांच्या फळ्या, आत वारा खेळतो पण ऊन जात नाही. थर्मामीटर जमिनीपासून साधारण चार फुटांवर. दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन पाऱ्यावर पडू नये. आत चार थर्मामीटर, एक कोरडा, एक ओला ज्याच्या फुग्यावर मलमलचं कापड आणि खाली डिस्टिल्ड पाण्याची बाटली, एक कमाल आणि एक किमान. सकाळी साडेआठला दार उघडायचं, पहिला कोरडा वाचायचा आणि तो वाचताना श्वास रोखायचा कारण माणसाच्या श्वासाने पारा हलतो, डोळा पाऱ्याच्या बरोबर समोर पाहिजे, जरा वरखाली झाला की दशांशात फरक पडतो. मग वहीत लिहायचं, लिहिलेलं खोडायचं नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहायचं आणि सही करायची. मी हे दिवाळीला केलंय, तापात केलंय, वडील गेले त्या दिवशी माझ्या जागी सहकाऱ्याने केलंय. भारतीय हवामान विभाग १८७५ पासून आहे, तेव्हापासून इंग्रज होते, काँग्रेस होती, जनता पक्ष होता, भाजप आहे, पारा वाचणारा माणूस कोणत्याही राजवटीत ठरल्या वेळीच पेटी उघडत होता. आम्हाला आकडा वाढवून लिहा असं ३१ वर्षांत एकदाही कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी शेजारच्या जिल्ह्यातल्या वहीशी तो जुळला नसता.

तुम्ही विचाराल मग जुने आकडे नंतर "दुरुस्त" करतात ते काय. हा प्रश्न शहाणा आहे आणि याचं उत्तर आपल्या घरातल्या माठात आहे. शंभर वर्षांपूर्वी समुद्राचं तापमान मोजायला जहाजावरून बादली सोडायचे, पाणी वर ओढायचे आणि त्यात थर्मामीटर धरायचे. लाकडाची बादली असली तर ठीक, पण पुष्कळ ठिकाणी कॅनव्हासची असायची, ती ओली बादली वाऱ्यावर वर येईपर्यंत माठासारखी पाझरायची आणि आतलं पाणी थंड व्हायचं, माझा ओला थर्मामीटर कोरड्यापेक्षा कमी दाखवतो त्याच कारणाने. म्हणजे जुनं रीडिंग खऱ्यापेक्षा कमी आलं. नंतर जहाजांनी इंजिनला थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान लिहायला सुरुवात केली, ते जरा जास्त यायचं. दोन्ही तसंच जोडलं असतं तर तापमानवाढ आहे त्यापेक्षा जास्त दिसली असती. दुरुस्ती करून जुने आकडे वर उचलले, म्हणजे सगळ्या जगाचा हिशोब धरला तर या दुरुस्त्यांनी वाढ कमी केलीये. ज्याला लोकांना घाबरवायचंय तो असं कशाला करेल.

दुसरा आक्षेप शहरीकरणाचा, आणि हा मी स्वतः भोगलाय. माझ्या एका केंद्रावर मी आलो तेव्हा तिन्ही बाजूंना ज्वारी होती. जाताना एका बाजूला तीन मजली इमारत, दुसऱ्या बाजूला डांबरी पार्किंग आणि एसीच्या बाहेरच्या पेट्यांची रांग. जागा बदला म्हणून मी चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. तर काँक्रीटमुळे त्या एका ठिकाणची रात्र गरम झाली यात शंका नाही. पण समुद्रात काँक्रीट नाही. या शतकाच्या सुरुवातीपासून जगभरच्या समुद्रांत आर्गो नावाचे तरंगते फ्लोट सोडलेत, आज जवळपास चार हजार आहेत, ते दोन किलोमीटर खोल जाऊन वर येतात आणि आकडा उपग्रहाला पाठवतात, आणि ते सांगतात की अडकलेल्या जादा उष्णतेतला ९० टक्क्यांच्या आसपास भाग समुद्रात गेलाय. अमेरिकेत रिचर्ड म्युलर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ याच आक्षेपासाठी जुन्या आकड्यांवर संशय घेत होते, त्यांनी नवी टीम बांधली, पैसा काही अंशी कोक फाउंडेशनचा म्हणजे तेलवाल्यांच्या बाजूचाच, ३० हजारांहून जास्त केंद्रांचे आकडे पहिल्यापासून तपासले, आणि २०१२ ला जाहीर सांगितलं की वाढ खरी आहे आणि ती माणसामुळे आहे. संशय घ्यावा तो असा, स्वतः वही उघडून.

आणि आकडा फुगवायचाच असता तर नागपूरचं उदाहरण बघा. २०२४ च्या मे अखेरीस तिथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवलं, देशभर बातमी झाली, त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ आलं होतं. भीती विकायची असती तर यापेक्षा चांगली संधी कोणती. पण हवामान विभागानेच सांगितलं की नागपूरचा सेन्सर बिघडलाय, आणि मुंगेशपूरचा तपासल्यावर साधारण तीन अंश जास्त दाखवत होता हे जाहीर केलं. आपलाच विक्रम त्यांनी आपणच खोडला.

आता अंदाजाचं. २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान विभागाच्या अधिकाऱ्यांविरुद्ध पोलीस ठाण्यात तक्रार दिली, आरोप असा की बियाणं आणि खत-औषध कंपन्यांशी साटंलोटं करून चांगल्या पावसाचा अंदाज दिला, आम्ही पेरलं आणि पावसाने दडी मारली. मला त्यांचा राग समजतो, एका पेरणीचा खर्च मातीत गेलेला माणूस दुसरं काय करणार. पण त्या साली अंदाज होता देशाच्या सरासरीच्या ९६ टक्के, जूनमध्ये तो ९८ केला, आणि प्रत्यक्षात पडला ९५. म्हणजे अंदाज जवळपास बरोबर होता आणि तरी माजलगावचं पीक वाळत होतं. कारण तो आकडा अख्ख्या देशाचा, चार महिन्यांचा. त्यात आसाम आहे, कोकण आहे, गुजरातचा पूर आहे. तो माजलगावच्या शेतकऱ्याला पेरणीसाठी वापरायला कधीच योग्य नव्हता, आणि हे त्याला त्याच्या भाषेत कुणी सांगितलं नाही हा गुन्हा मोठा आहे. आमच्या खात्याचा हा जुना दोष, "सरासरीइतका पाऊस" असं म्हणून मोकळं व्हायचं, ऐकणारा त्याचा अर्थ "माझ्या शेतात पाऊस" असा घेतो हे माहीत असून.

आणि उद्याचं कळत नाही तर २१०० चं कसं, यावर दूध संघाचं उदाहरण घ्या. तुमची गाय उद्या सकाळी किती लिटर देईल हे संघाच्या मॅनेजरला सांगता येणार नाही, तिने चारा खाल्ला नसेल, पान्हा चोरेल, काहीही होईल. पण थंडीत संकलन वाढतं आणि मे महिन्यात आटतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं, त्यावर तो टँकर ठरवतो. उद्याचा पाऊस म्हणजे एक गाय, हवामान म्हणजे अख्ख्या संघाचं कित्येक वर्षांचं संकलन. कार्बन डायऑक्साइड वाढला की उष्णता बाहेर जायला अडते हे जॉन टिंडलने १८५९ च्या सुमाराला प्रयोगशाळेत नळीत वायू भरून मोजून दाखवलं, तेव्हा कार्बन टॅक्स नव्हता, संयुक्त राष्ट्रं नव्हती, सोलर पॅनल विकणारं कुणी नव्हतं. हवाईच्या डोंगरावर १९५८ ला नियमित मोजायला सुरुवात केली तेव्हा हा वायू दशलक्षात ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर आहे. हा वाढलेला वायू आपल्याच धुराड्यांतला हे कसं कळलं, तर कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जुनं, त्यात कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर आपोआप संपत जाणारा कार्बनचा प्रकार, उरलेलाच नसतो, आणि हवेतल्या कार्बनमध्ये त्याचं प्रमाण तसंच पातळ होत गेलेलं दिसतं. सूर्यच जास्त तापलाय म्हणावं तर वरचे आणि खालचे दोन्ही थर तापायला हवेत, प्रत्यक्षात जमिनीजवळची हवा तापतीये आणि वरचा स्थितांबर नावाचा हवेचा थर थंड होतोय. गोधडी पांघरली की अंग गरम राहतं आणि गोधडीच्या बाहेर गारच असतं, तसं.

बाकी शास्त्रज्ञ चुकत नाहीत असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्याच हिमालयाचं सांगतो, या सगळ्या वादात मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली गोष्ट. आयपीसीसी म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची शास्त्रीय समिती, तिच्या २००७ च्या अहवालात लिहिलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात. इतका जाड बर्फ पंचवीस-तीस वर्षांत वितळणं शक्यच नाही हे बर्फावर काम करणाऱ्या कुणालाही कळायला हवं होतं, पण ते वाक्य एका मुलाखतीतून एका संस्थेच्या अहवालात आणि तिथून आयपीसीसीच्या अहवालात न तपासता गेलं. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांचा अहवाल तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी प्रसिद्ध केला, त्यात म्हटलं की हिमनद्या काही विलक्षण वेगाने मागे हटतायत असं दिसत नाही. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी चिडले, त्याला "व्हूडू सायन्स" म्हणाले. दोन महिन्यांत, जानेवारी २०१० ला, आयपीसीसीला चूक कबूल करावी लागली. पचौरींनी आधी तपासायला हवं होतं आणि मग बोलायला हवं होतं, त्या उर्मटपणाने विज्ञानाचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या विरोधकाने केलं नसेल.

पण ही गोष्ट इथे संपत नाही. एक तर ती चूक पकडली ती बर्फावर आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञांनीच. दुसरं, त्या वेळी सरकारचा हेतू काय होता ते बघा, डिसेंबरमध्ये कोपनहेगनची परिषद होती, आपल्यावर कार्बनची बंधनं येऊ नयेत म्हणून "फार काही बिघडलेलं नाही" हे सांगणं दिल्लीच्या सोयीचं होतं. म्हणजे तुम्हाला वाटतं सरकार तापमानवाढ फुगवतं, तेव्हा उलट होतं. आयपीसीसीच्या सारांशातलं एकेक वाक्य सगळ्या देशांच्या प्रतिनिधींसमोर मंजूर होतं, त्यात कोळशावर चालणारा भारत आणि चीन आहे आणि तेलावर जगणारा सौदी अरेबियाही आहे. त्यांच्या हिताविरुद्धचं वाक्य त्यांनी मान्य करावं असं कारस्थान कोण रचणार. आणि तिसरं, २०१९ ला अमेरिकेच्या जुन्या हेरगिरी उपग्रहांचे १९७० च्या दशकातले फोटो आणि नवे फोटो लावून मोजलं तेव्हा दिसलं की २००० नंतर हिमालयातला बर्फ त्याआधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट वेगाने कमी होतोय. २०३५ खोटं होतं, वितळणं खरं आहे.

आपल्या देशाची सरासरी १९०१ ते २०१८ मध्ये ०.७ अंशांनी वाढली, जगाच्या जमिनीच्या मानाने कमी. काही लोक हेच धरून बसतात की बघा, इथे काही नाही. पण आपल्याकडच्या धुराने आणि धुळीने ऊन अडतं, आणि सिंचनाने जमीन थोडी गार राहते, म्हणून कमी दिसतं. हवा स्वच्छ करू तशी ही झाकलेली वाढ उघडी पडेल, याची मला खरी काळजी वाटते.

जिथे तुम्ही संशय घ्यायला हवा आणि कुणी घेत नाही ती जागा वेगळीच आहे. सरकारला हवामान बदल आवडतो तो निमित्त म्हणून. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, तेव्हा सगळे आभाळाकडे बोट दाखवत होते, खालच्या उसाकडे आणि उपशाकडे कुणी दाखवलं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३, इतका पाऊस कुठल्याही शहराला बुडवेलच, पण मिठी नदीचं पात्र आवळलं ते आभाळाने नव्हे. पुढचा पूर आला की पुढारी म्हणतील हवामान बदलामुळे झालं, तेव्हा विचारा, पूररेषेच्या आत परवानगी कुणी दिली. बहात्तरचा दुष्काळ आमच्या पिढीने पाहिलाय, तेव्हा कुठे होता हवामान बदल असं तुम्ही लिहिलंय, तर तो एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागर तापल्याने आपल्याकडे पाऊस कमी पडतो त्यातला होता आणि तसे दुष्काळ आधीही होते, पुढेही येतील. फरक एवढाच की आता ते जास्त तापलेल्या जमिनीवर येतात आणि मध्ये येणारा पाऊस एकदम येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल यांनी २०१७ ला दाखवलं की मध्य भारतात मोठ्या भागावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्यात. फुलोऱ्यातल्या डाळिंबाला हे कसं झोडपतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमच्या विम्याचं, कारण खरा ठोस राग तिथलाच आहे. मंडळातलं केंद्र कुठे आहे ते शोधा आणि स्वतः जाऊन बघा, कुंपणाबाहेरून दिसतं. पर्जन्यमापकाजवळ झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर पाहिजे, दहा फुटांची भिंत असेल तर वीस फूट. पावसाचं यंत्र आत एका छोट्या पलटणाऱ्या चमच्यावर चालतं, ठरावीक पाणी भरलं की तो उलटतो आणि एक नोंद होते. वरच्या नरसाळ्यात पानं, चिमणीचं घरटं, कोळ्याचं जाळं अडकलं की पाणी थेंब थेंब उतरतं किंवा बाहेर सांडतं, आणि अतिवृष्टी कमी दिसते. तुमच्या बाबतीत हेच झालं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. तारखेसकट फोटो काढा, केंद्र आणि झाड एका फ्रेममध्ये येईल असा, आणि कृषी सहायकाला लेखी द्या, पोच घ्या.

बागेत स्वतःचा साधा पर्जन्यमापक बसवा, पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा चालेल, झाडांपासून लांब, तोंड अगदी सपाट. रोज सकाळी साडेआठला मोजा आणि वहीत शाईने लिहा, साडेआठ ते साडेआठ असा दिवस धरून, आकडा मोजलेल्या तारखेला टाकायचा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका, कारण कोरी जागा म्हणजे मोजलं की नाही तेच पुढे कळत नाही. शेजारच्या दोन-तीन बागायतदारांनाही बसवायला सांगा, एकाच मंडळात चार वह्या झाल्या आणि चारही यंत्रापेक्षा वेगळ्या निघाल्या तर त्या वह्या घेऊन विम्याच्या तालुका समितीकडे जाता येतं. वही कशी आखायची ते लागलं तर सांगा, माझ्याकडे जुन्या रजिस्टरचा नमुना आहे, पाठवतो.